उघडते कुठून?

बापाचं दुकान कानेशीच्या बाजारामागे होतं.
पाटी नव्हती. दाराशी एक टवका उडालेली पट्टी टांगलेली,
ती किणकिणली की लोक वळायचे.
पट्टी सहा इंच रुंद, लांबी गिऱ्हाईक सांगेल ती.
रॉकेलात बुडवलेलं चाक तो काचेवरून एकदाच फिरवायचा.
दुसऱ्यांदा फिरवलं की काच रुसते, म्हणायचा.
चर्र असा आवाज सलग आला तर ठीक;
मग दोन अंगठे, जरासा दाब,
आणि काच दुभंगायची,
जणू तिच्याच मनात होतं.

अर्ध्या अक्राच्या खिडक्यांत त्याच्या पट्ट्या होत्या.
शाळा, बाळंतपणाचा दवाखाना, बंदराची कचेरी.
दांडा खाली ओढला की साऱ्या एकदम आडव्या
आणि समुद्र घरात.
चोरसुद्धा रीत पाळत:
चार पट्ट्या सरकवून काढायच्या, भिंतीला टेकवून ठेवायच्या,
रेडिओ न्यायचा.
सकाळी बाप त्याच पट्ट्या परत बसवून द्यायचा,
पैसे न घेता, थोडं हसून.

मी, त्याची मुलगी नाआ क्वार्ली,
इमारतींच्या काचेचं गणित करते.
किती ऊन आत येईल, किती परतेल:
शून्य पॉइंट सत्तावीस.
विमानतळाजवळचा तो निळा मनोरा, एकोणीस मजले,
त्याचा आराखडा अशा गावाहून आला
जिथे ऊन पाहुण्यासारखं येतं
आणि लोक त्याला बसा बसा म्हणतात.
आमच्याकडे ते घरजावई.
मी आकडे जुळवले. खाली सही केली.

मनोरा उभा राहिला तेव्हा बापाला घेऊन गेले.
मला वाटलं, नाक मुरडेल.
तो काचेला गाल लावून तिरक्या नजरेनं पाहत राहिला.
एक बुडबुडा नाही, म्हणाला. एक लाट नाही.
एवढा तुकडा मला जन्मात मिळाला नाही गं.
बोटांनी कड शोधली. खिशात हात गेला, चाकाकडे, सवयीनं.
मी म्हटलं, ही कापता येत नाही, बाबा.
भट्टीत तापवून गार केलेली असते,
रेघ ओढायला गेलं की सगळीचा चुरा.
त्यानं हात काढून घेतला,
झोपलेल्या मुलाच्या अंगावरून काढावा तसा.
मग विचारलं,
उघडते कुठून?

फेब्रुवारीत वीज गेली.
जनरेटर दोनदा खोकला आणि बसला.
चौदाव्या मजल्यावर आम्ही बत्तीस जण.
विसाव्या मिनिटाला टाय सुटले,
तिसाव्याला हिशेबखात्याची आजेले
फाइलीनं स्वतःला वारा घालताना थांबली, म्हणाली,
ते बघा.
खाली माडाच्या झावळ्या नुसत्या पिसाटल्या होत्या.
पानवाल्याची, नाही, फोनकार्डवाल्याची छत्री उलटली,
तो तिच्यामागे धावला.
एवढा वारा, आणि कसला म्हणून आवाज नाही.
बत्तीस जण काचेला कपाळं लावून
वारा बघत होतो.
माझ्या कपाळाला शून्य पॉइंट सत्तावीस
चांगलंच पोळलं.

सोमवारी लिहून दिलं:
दर मजल्याला उघडणारी एक तरी खिडकी.
उत्तरं आली. हरमॅटनची धूळ येईल.
डास येतील. बाहेरून एकसंध दिसणार नाही.
कोणी पडलं तर?
सात महिने.
शेवटी जिन्याच्या वळणावर, विषम मजल्यांवर,
दोन फूट बाय दोन फूट मंजूर झाली.
सम मजल्यांवर का नाही, ते विचारायची ताकद उरली नव्हती.

बापाला सांगितलं तेव्हा तो
आमच्या खिडकीच्या पट्ट्या पुसत होता,
एकेक, ओल्या वर्तमानपत्रानं.
बराच वेळ काही बोलला नाही.
शेजारच्या भेंडीच्या रश्शाचा वास येत होता,
कोणाचं तरी भांडण, अर्धंच ऐकू येणारं.
मग म्हणाला,
बिजागरीला दर हरमॅटननंतर तेल लागेल.
तेवढं लिहून दे त्यांना.
नाहीतर तीही बसेल.